हार्डवेअरच्या सामानातून झिपलाइनची ट्रॉली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या फॅब्रिकेशनच्या कामात एकाच विषयाचे निरोप येऊ लागतात: शेतावर दोन झाडं आहेत, मुलांसाठी झिपलाइन (ताणलेल्या उतरत्या दोरावरून लटकत घसरायचा खेळ) बांधायची आहे, ट्रॉली कशी बनवू? नेहमी येणाऱ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. उत्तरांत जी मापं येतील ती एकाच लाइनची आहेत, तिला पुढे ‘आपली लाइन’ म्हटलं आहे. दोन टोकांमधलं अंतर २० मीटर, शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा ६० सेंटिमीटर खाली, १० मिलिमीटरचा वायर रोप (पोलादी तारांचा दोर), बसणारा, सीट आणि ट्रॉली मिळून वजन ८० किलोपर्यंत, आणि मधोमध असताना पाय जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास.

१. ट्रॉली म्हणजे नेमकं काय? एक मोठी कप्पीच ना ती?

कप्पी जागेवर असते आणि दोर तिच्यावरून सरकतो. इथे दोर जागेवर असतो आणि ट्रॉली धावते, तीही माणसाला घेऊन. दोरावर बसणारी दोन चाकं, त्यांना दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन लोखंडी प्लेटा आणि खाली सीट अडकवायला एक बोल्ट, एवढीच तिची रचना.

बनवताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा. चाक फुटलं, बेअरिंग गेलं किंवा एखादा बोल्ट निसटला, तरी ट्रॉली दोरावरून सुटता कामा नये. ती अडकेल, घासेल, मध्येच थांबेल, पण पडणार नाही. खालची जवळजवळ सगळी मापं याच एका अटीतून आली आहेत.

२. घरी बनवलेल्या ट्रॉलीवर माणसाने बसावं का?

पडलं तर गुडघा खरचटेल एवढ्याच उंचीवर बसावं. घरच्या ट्रॉलीची मर्यादा आम्ही तीच मानतो. ओढा, विहीर, बांधाचा कडा, दरी, शेततळं, रस्ता यांच्यावरून लाइन जात असेल तर घरची ट्रॉली नकोच. तिथे क्षमतेचा शिक्का असलेली, चाचणी झालेली ट्रॉली विकत घ्या आणि लाइनही जाणकाराकडून बांधून घ्या. ‘आम्ही फार काळजीपूर्वक बनवू’ असं बरेच जण सांगतात, आणि ते खरंही असतं. पण वर्कशॉपमध्ये प्लेटेच्या आतली चीर किंवा बोल्टच्या पोलादातला दोष दिसत नाही. तो शोधणारी यंत्रणा आपल्याकडे नसते.

३. विहिरीची कप्पी घरात पडून आहे. ती वापरली तर?

नको. एक तर ती बहुतेक बिडाची असते आणि बीड ठिसूळ. ते वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं. दुसरं, तिच्यात बेअरिंग नसतं, नुसती पिन असते. पोहरा ओढताना चाक सावकाश फिरतं म्हणून ते भागतं. आपल्या लाइनवर मधोमध वेग सेकंदाला ५ मीटरपर्यंत जाऊ शकतो. ५५ मिमीच्या खाचेचं चाक त्या वेगाला मिनिटाला सतराशेपेक्षा जास्त फेऱ्या घेतं. साध्या पिनवर एवढ्या फेऱ्या झाल्या की पिन तापते, झिजते आणि चाक अडकतं. शिवाय त्या कप्पीची खाच जाड सुती किंवा काथ्याच्या दोरासाठी रुंद ठेवलेली असते.

४. दुकानातून काय काय आणायचं?

स्लायडिंग गेटची यू खाचेची पोलादी चाकं २, बाहेरचा व्यास ७५ मिमीच्या आसपास. ती नेमक्या मापात मिळाली नाहीत तर लेथवाल्याकडून टर्न करून घ्या, खर्चात फार फरक पडत नाही. ६२०१ नंबरची, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली बेअरिंगं ४, म्हणजे प्रत्येक चाकात दोन. ६ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचे २०० × १५० मिमीचे तुकडे २. ८.८ ग्रेडचे, अर्ध्या आट्यांचे १२ × ७० मिमी एचटी (हाय टेन्साइल) बोल्ट ६, तेवढेच नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) आणि जाड वॉशर. १२ मिमी बोल्ट आत जाईल अशा २० मिमी बाहेरच्या व्यासाच्या जाड पाइपचे, लेथवर नेमके २६ मिमी लांब कापलेले तुकडे ४. आतल्या रिंगसाठी ३ मिमीचे छोटे स्पेसर ४ (कशासाठी, ते प्रश्न ९ मध्ये). आणि कामाच्या भाराचा आकडा कोरलेली १ टनाची डी-शॅकल (पिनने बंद होणारी डी आकाराची कडी) १.

सगळं जोडल्यावर वजन चार किलोच्या आसपास भरतं. हलकी ट्रॉली हवी म्हणून ३ मिमी पत्रा वापरण्याचा मोह टाळा.

५. गेटच्या चाकात यू खाच घ्यायची की व्ही?

यू. व्ही खाच अँगलच्या धारेवर चालण्यासाठी असते. वायर रोप तिच्यात दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, बाहेरच्या तारा चेपतात आणि थोड्याच दिवसांत तुटायला लागतात. यू खाचेची रुंदी दोरापेक्षा किंचित जास्त हवी, १० मिमी दोराला साधारण ११ मिमी. खाचेची खोली किमान दोराच्या जाडीइतकी ठेवा. उथळ खाचेतून दोर झोक्यासरशी बाहेर येतो.

६. स्केटिंगची किंवा नायलॉनची चाकं चालतील का? ती आवाज करत नाहीत.

आवाज कमी होतो हे खरं. पण स्केटच्या चाकाला खाच नसते. खाच पाडली तरी पोलादी दोरावर ते मऊ चाक कापलं जातं. त्यात ६०८ नंबरचं ८ मिमी भोकाचं बेअरिंग येतं, म्हणजे आसही ८ मिमीचाच. गोल आसाचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ ऐवजी १२ मिमी घेतला तर तो जवळपास साडेतीन पट होतो. एवढी ताकद फुकट मिळत असताना ती सोडू नये. चांगल्या दर्जाचं टर्न केलेलं नायलॉनचं चाक हलक्या मुलांसाठी चालतं, मात्र उन्हात भार घेऊन एका जागी उभं राहिलं की त्यावर सपाट ठसा बसतो.

७. एकाच चाकावर का नाही भागत?

एका चाकावर सगळं वजन एका बिंदूवर येतं आणि दोर तिथे तीव्र वाकतो. दोन चाकांत तो वाक वाटला जातो. शिवाय एका चाकाची ट्रॉली पुढे-मागे डोलते आणि जोराच्या झोक्यात दोरावरून उडी मारू शकते. चाकांच्या केंद्रांत १२० मिमी अंतर पुरेसं आहे.

८. प्लेटेवर भोकं कुठे पाडायची?

हे उत्तर सावकाश वाचा, ट्रॉलीची सुरक्षितता बरीचशी इथेच ठरते. मापं ७५ मिमी बाहेरचा व्यास, ५५ मिमी खाचेच्या तळाचा व्यास आणि १० मिमी दोर यांना धरून आहेत. तुमचं चाक वेगळं असेल तर तोच हिशेब नव्याने करा.

प्लेट आडवी ठेवा. वरच्या कडेपासून २५ मिमी खाली एक रेष ओढा, ही आसांची रेष. मध्यापासून दोन्ही बाजूंना ६० मिमीवर आसांची दोन भोकं. आसापासून दोराची वरची बाजू साडेसत्तावीस मिमी खाली येते आणि खालची बाजू साडेसदतीस.

दोन्ही आसांच्या मध्ये, त्या रेषेपासून १२ मिमी खाली तिसरं भोक. यातला पाइप घातलेला बोल्ट दोराच्या वर पाच-सहा मिमी अधांतरी राहतो आणि एरवी काहीच काम करत नाही. एखादा आस निखळला तर ट्रॉली त्या बोल्टवर येऊन दोरावर बसते. हा राखणदार बोल्ट बहुतेकांच्या रेखाटनांत नसतो, आणि नेमका तोच आम्ही आधी शोधतो.

प्रत्येक चाकाच्या बरोबर खाली, आसाच्या रेषेपासून ५४ मिमीवर, एकेक भोक. यातले बोल्ट दोराच्या खालून जातात आणि ट्रॉली वर उचलली गेली तरी दोर खाचेबाहेर जाऊ देत नाहीत. चाकाची कड आणि या पाइपमधली फट साडेसहा मिमी राहते आणि दोर १० मिमीचा आहे, म्हणून तो तिथून निसटू शकत नाही.

शेवटचं भोक मध्यावर, आसाच्या रेषेपासून १०० मिमी खाली. शॅकल इथे येते.

भोकाच्या केंद्रापासून प्लेटेच्या कडेपर्यंत किमान २५ मिमी लोखंड राहू द्या. दोन्ही प्लेटा एकमेकींवर क्लॅम्प करून एकदमच ड्रिल करा, म्हणजे आस तिरपे बसणार नाहीत. कोपरे कापा, धारा ग्राइंडरने मारा.

चाक आणि प्लेट यांतली फट दोन्ही बाजूंना २ मिमीच हवी. ती मोठी राहिली तर दोर चाकावरून घसरून चाक आणि प्लेटेच्या मध्ये पाचरीसारखा अडकतो. धावती ट्रॉली एका क्षणात थांबते आणि बसलेला मात्र पुढे फेकला जातो.

९. नट आवळला की चाक फिरायचंच बंद होतं. ढिला ठेवू का?

ढिला ठेवू नका. १२ मिमी बोल्टचा नेहमीचा वॉशर २४ मिमीचा असतो. तो बेअरिंगच्या सीलला घासतो, म्हणून चाक जाम होतं. वॉशरऐवजी बेअरिंगच्या फक्त आतल्या रिंगला टेकेल असा, १६ मिमी बाहेरच्या व्यासाचा ३ मिमी जाड स्पेसर दोन्ही बाजूंना घाला. दोन बेअरिंगांची रुंदी २० मिमी आणि दोन स्पेसर ६ मिमी मिळून २६ मिमी होतात, म्हणजे पाइपच्या तुकड्यांइतकेच. आता नट पूर्ण आवळला तरी चाक मोकळं फिरेल. मोठे वॉशर फक्त प्लेटांच्या बाहेरून.

१०. साधे बोल्ट चालत नाहीत का? आणि ‘अर्ध्या आट्यांचा’च का?

साध्या बोल्टच्या डोक्यावर ग्रेड नसते, त्यामुळे तो किती सहन करेल हे कुणीच सांगू शकत नाही. डोक्यावर ८.८ असलेला बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनच्या पोलादाचा असतो. पूर्ण आट्यांच्या बोल्टवर प्रत्येक आटा ही एक खाच असते, आणि पोलाद थकून तुटतं ते अशाच खाचेतून. १२ × ७० च्या अर्ध्या आट्यांच्या बोल्टवर ४० मिमी गुळगुळीत दांडा मिळतो. दोन प्लेटा आणि मधलं २६ मिमी अंतर मिळून ३८ मिमी होतात, म्हणजे भार दांड्यावरच येतो. नायलॉक नट एकदा काढला की नवा लावा, त्यातली नायलॉनची रिंग पहिल्यांदाच नीट धरते.

११. खालच्या बोल्टऐवजी जाड हुक वेल्ड केला तर सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच सांगावं लागतं की करू नका. माणसाचा पूर्ण भार एकाच वेल्डवर कधीही टाकू नये. बाहेरून सुंदर दिसणारा वेल्डचा मणी आत पोकळ असू शकतो. ८.८ च्या बोल्टला तर वेल्डिंग लावूच नका, त्या उष्णतेने त्याला कणखर करायला दिलेलं पाणी उतरतं आणि तो साध्या बोल्टसारखा होतो. हुक उघडा असतो हा आणखी एक दोष. झोक्यात सीट वर उडाली की ती त्यातून सुटते. म्हणून बंद शॅकल, आणि तिची पिन बारीक तारेने बांधून टाका.

१२. वायर रोप कोणता घ्यायचा? जुना क्रेनचा स्वस्तात मिळतो.

जुना नको. आतल्या तारांचा गंज बाहेरून दिसत नाही. नवा, गॅल्व्हनाइज्ड, ६×१९ बांधणीचा (सहा पेड, प्रत्येकात १९ तारा), १० मिमी घ्या आणि बिलावर आयएस २२६६ (वायर रोपचं भारतीय मानक) लिहून घ्या. १७७० ग्रेडच्या अशा दोराची तुटण्याची ताकद साडेपाच टनांच्या वर असते. प्लास्टिकचं आवरण असलेला दोर नको. चाकाखाली आवरण सोललं जातं, आणि त्याआड तुटलेल्या तारा लपतात. कुंपणाची जीआय तार किंवा कपडे वाळत घालायची केबल हा तर पर्यायच नाही.

१३. दोर जितका ताठ, तितकी लाइन चांगली ना?

या एका समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होतं. दोर ताठ दिसला की काम पक्कं झालं असं वाटतं, पण होतं उलट.

माणूस मधोमध आला की दोर खाली झुकतो. त्या झोळावरून दोरातला ताण काढता येतो: वजनाला अंतराने गुणा आणि झोळाच्या चौपटीने भागा. आपल्या लाइनवर ८० किलो वजन असताना झोळ १ मीटर असेल तर ताण ४०० किलो. चेन ब्लॉकने (साखळीच्या ओढयंत्राने) ओढून तोच झोळ ४० सेंटिमीटरवर आणलात तर १००० किलो. २० सेंटिमीटर केलात तर २००० किलो. बसणारा तोच, दोर तोच, पण झाडाला मात्र पाचपट ओढ.

आता सुरक्षिततेचा हिशेब बघा. दोर साडेपाच टनांचा. क्लॅम्पच्या जोडात त्याची सुमारे ८० टक्के ताकद उरते, म्हणजे ४.४ टन. पाचपट सुरक्षितता ठेवली तर चालू कामासाठी ८८० किलो. झटक्यासाठी ४०० चे ८०० धरले, तरी १ मीटर झोळाची लाइन या मर्यादेत बसते. ४० सेंटिमीटरची बसत नाही.

म्हणून आमचं माप ठरलेलं आहे: भार मधोमध असताना झोळ अंतराच्या ५ टक्के. २० मीटरला १ मीटर. मोजायला दोन्ही टोकांमध्ये सुतळी ताणून बांधा, मधोमध बसणाऱ्याइतक्या वजनाचं वाळूचं पोतं लटकवा आणि सुतळीपासून दोरापर्यंत टेप लावा. झोळ कमी भरला तर टर्नबकल (दोराचा ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) ढिलं करा.

१४. बुलडॉग क्लॅम्प कोणत्या बाजूने लावायचे आणि किती?

क्लॅम्पला एक यू बोल्ट असतो आणि एक खाचेचा ठोकळा. ठोकळा भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू बोल्ट परत वळवलेल्या मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू बोल्ट भाराच्या दोराला चावतो. एकाआड एक उलटसुलट लावणंही चूकच. १० मिमी दोराला किमान ३, आम्ही ४ लावतो, दोन क्लॅम्पमध्ये ६० मिमी अंतर ठेवून. वळणात थिंबल (दोर चेपू नये म्हणून आत बसवायची खाचेची कडी) हवंच. ओतीव स्वस्त क्लॅम्प टाळा, फोर्ज केलेले (घडीव) मागून घ्या. पहिल्यांदा भार दिला की दोर ताणून किंचित बारीक होतो आणि नट ढिले पडतात, म्हणून चाचणीनंतर (प्रश्न १८) ते पुन्हा आवळायचे.

१५. दोर कोणत्या झाडाला बांधावा? नारळ चालेल का?

नारळ-सुपारी नको. ही झाडं वाऱ्यात डोलतात, आणि त्यांच्या खोडाला झालेली जखम भरून येत नाही, कारण त्यांना आंबा-चिंचेसारखी दरवर्षी नवी साल धरत नाही. शेवगा, पांगारा, सावर, सुबाभूळ, गुलमोहर हेही बाद. चिंच, कडुनिंब, साग, निरोगी आंबा चालतात. छातीच्या उंचीला घेर किमान १ मीटर हवा. खोडावर लाकडी हातोड्याने ठोकून बघा. जुन्या आंब्याची खोडं आतून पोकळ असतात, ते आवाजावरून लगेच कळतं. वाळवी चढलेलं झाड सोडून द्या.

दोर थेट खोडाला गुंडाळू नका, साल कापून झाड मरतं. खोडाभोवती उभ्या लाकडी पट्ट्या लावा, त्यावरून रुंद सिंथेटिक स्लिंग (पट्टा), आणि स्लिंगला शॅकलने दोर. सीझन संपला की सगळं सैल करा.

गच्चीचा कठडा, गॅलरीचं रेलिंग, कुंपणाचा खांब यांना चारशे किलोंची आडवी ओढ सोसत नाही. विजेच्या खांबाला काहीही बांधू नये, आणि लाइन विजेच्या तारांजवळून तर मुळीच नेऊ नये. बांधताना हातातून निसटलेला पोलादी दोर झटक्यासरशी वर उसळतो. शेतातल्या तारा लोंबलेल्या असतात, त्यामुळे आधी वर बघा.

१६. थांबायचं कसं?

हाताने नाही, हे पहिलं. दोर पकडला की बोटं ट्रॉलीच्या चाकाखाली जातात.

आपल्या लाइनवर थांबण्याचं निम्मं काम झोळच करतो. मध्यापर्यंत माणूस सुमारे १.३ मीटर उतरतो. घर्षण सोडून दिलं तर वेग ताशी १८ किलोमीटरपर्यंत जातो, आणि नंतर दोर चढता असल्याने तो आपोआप कमी होतो. उरलेल्या वेगासाठी शेवटच्या झाडाच्या ३ मीटर अलीकडे अडसर ठेवा: दोरावर ओवलेले स्कूटरचे दोन टायर, त्यांच्या मागे बंजी कॉर्डने (ताणणाऱ्या रबरी दोरीने) झाडाला बांधलेला लाकडी ठोकळा. ३ मीटर मोकळे अशासाठी की ट्रॉली थांबली तरी सीट पुढे झोका घेते. अडसर झाडाला चिकटून असेल तर मुलाचे पाय खोडावर आपटतात.

उतार वाढवून मजा वाढवायची असेल तर आधी थांबण्याची सोय वाढवा. ६० सेंटिमीटरऐवजी २ मीटर उतार दिला की टायर पुरत नाहीत.

१७. बसायला सीट की हार्नेस? धरायला काय द्यायचं?

एवढ्या कमी उंचीवर १८ मिमी मरीन प्लायची ३० सेंटिमीटरची गोल सीट, मधून १२ मिमीचा दोर, खाली वॉशर आणि मोठी गाठ. मूल सहज उतरू शकतं. फक्त हाताने लोंबकळायचा दांडा देऊ नका, घामाने हात सुटतो. उंची याहून वाढली की हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) लागतो, आणि तिथे प्रश्न २ चं उत्तर लागू होतं.

ओढणी, स्कार्फ, गळ्यातली दोरी, मोकळे केस यांना लाइनवर पूर्ण बंदी. चाकात गेलेली ओढणी सोडवायला वेळ मिळत नाही. ट्रॉली मागे ओढायला बांधलेल्या दोरीलाही कुठे फास ठेवू नका. ती ४ मिमीची साधी सरळ दोरी असावी आणि फेरी चालू असताना ती कुणीच हाताला गुंडाळू नये.

१८. मुलं बसायच्या आधी चाचणी कशी घ्यायची?

वाळूच्या पोत्यांनी. आधी १६० किलो, म्हणजे दुप्पट वजन, मधोमध रात्रभर लटकवून ठेवा आणि खाली कुणाला जाऊ देऊ नका. सकाळी झोळ मोजा, स्लिंग सरकली का बघा, क्लॅम्प आवळा. मग ८० किलोचं पोतं वरून सोडा, पुन्हापुन्हा सोडा, आणि ते अडसरावर कसं आदळतं ते बाजूला उभं राहून नीट पाहा. मग ट्रॉली उतरवून पूर्ण उघडा. बोल्ट सपाट काचेवर लोळवा, वाकलेला लगेच डगमगतो. भोकं लांबट झाली आहेत का, पाइपवर दोराचे ओरखडे आहेत का, हे बघा. ओरखडे सापडले तर मापं चुकली आहेत, प्रश्न ८ कडे परत जा.

१९. ट्रॉली एका अंगाला कलते आणि करकर आवाज करते. काय बिघडलं?

एका लयीतला हलका आवाज दोराच्या पिळाचा असतो, तो राहणारच. कलत असेल तर खालचं भोक मध्यावर नाही, किंवा शॅकल एका प्लेटेला घासते आहे. शॅकलच्या दोन्ही बाजूंना मोकळीक आहे का पाहा. कर्कश आवाज येत असेल तर चाक प्लेटेला लागतं आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. चाकाला हात न लावता ट्रॉली उतरवा, चाक बोटाने फिरवा. खरखर जाणवली की बेअरिंग बदला, तेल सोडून वेळ मारून नेऊ नका.

२०. ट्रेकिंगची टँडेम पुली आणि नायलॉनचा दोर आहे. तेच वापरलं तर?

लोणावळ्याजवळच्या ड्यूक्स नोज ऊर्फ नागफणीवर व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं) करणारी मंडळी दोर आणि टँडेम पुली (दोन चाकांची कप्पी) वापरतात, पण त्यांच्याकडे दुहेरी दोर, हार्नेस, बॅकअप आणि प्रत्येक गाठ तपासणारी माणसं असतात. ती लाइन दिवसभरापुरती असते. बागेत महिनाभर उन्हात टांगलेला नायलॉनचा दोर हळूहळू कमकुवत होतो, आणि भाराखाली तो इतका ताणतो की मधोमध पाय जमिनीवर घासतात. पुली वापरायची असेल तर तिच्यावर काय कोरलं आहे ते वाचा. ॲल्युमिनियमच्या चाकाची पुली कापडी दोरासाठी असते, पोलादी दोर तिला खातो. आणि आपली पोलादी ट्रॉली कापडी दोरावर कधीच चालवू नका.

२१. पावसाळ्यात तशीच राहू दिली तर?

ट्रॉली मेच्या अखेरीस काढून घरात ठेवा, बोल्टला ग्रीस लावा. दोर राहिला तरी सैल करून ठेवा. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने गॅल्व्हनाइजिंगही टिकत नाही, तिथे दोरही उतरवा. वळवाचे ढग जमले की लाइन लगेच बंद, वीज पडते तेव्हा झाडाला बांधलेल्या पोलादी दोराजवळ कुणी नको. दिवाळीत पुन्हा लावताना दोरावरून जाड फडकं फिरवा, उघडा हात नाही. फडकं जिथे अडकेल तिथे तार तुटली आहे, आणि ट्रॉली धावणाऱ्या भागात तार तुटलेला दोर बदलायचा. मग प्रश्न १८ ची चाचणी पहिल्यापासून.

२२. मुलांसाठी बनवली, पण काका-मामाही बसणारच. ९५ किलोंना चालेल?

ट्रॉलीच्या प्लेटा आणि बोल्ट सहन करतील. ६२०१ बेअरिंगची स्थिर क्षमता प्रत्येकी ३०० किलोंच्या आसपास असते आणि आपण चार लावली आहेत. पण लाइन म्हणजे फक्त ट्रॉली नाही. झाड, स्लिंग, झोळ, जमिनीपासूनचं अंतर आणि अडसर हे सगळं ८० किलो धरून ठरवलं आहे. मोठी माणसं बसणार हे माहीत असेल तर पहिल्या दिवसापासून ११० किलो धरून झोळ, अडसर आणि चाचणीचं वजन ठरवा. नाहीतर सुरुवातीच्या झाडावर ‘सीट-ट्रॉली धरून ८० किलोपर्यंत’ अशी पाटी लावा आणि ती पाळा. एका वेळी एकच जण, हे दोन्हीकडे लागू.

२३. डोंगरउतारावरून आंब्याच्या पेट्या खाली आणायला हीच ट्रॉली चालेल?

चालेल, आणि खरं तर घरच्या ट्रॉलीचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे. फरक एवढाच की लांब उतारावर पेटीला झोळ थांबवू शकत नाही. ट्रॉलीच्या मागे दोर बांधा, वरच्या खांबाला त्याचे दोन-तीन वेढे घ्या आणि चामडी हातमोजे घालून तो हळूहळू सोडत राहा. रिकामी ट्रॉली त्याच दोराने वर येते. खाली उतरवून घेणारा लाइनच्या बाजूला उभा राहील, समोर नाही. वजन आणि अंतर बदललं की प्रश्न १३ चा हिशेब नव्याने करा, १०० मीटरच्या लाइनला २० मीटरची मापं लागू होत नाहीत. सामानाच्या लाइनवर गंमत म्हणूनही कुणी बसू नये. वेळ वाचवायला गडी तिच्यावरून खाली येऊ लागतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

२४. आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. पाहुण्यांसाठी ही लाइन लावता येईल का?

ही नाही. पैसे घेऊन किंवा राहण्याच्या पॅकेजमध्ये साहसी खेळ देणं हा व्यवसाय आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित माणसं, प्रमाणित साहित्य, विमा यांची तयारीही आधीच करा. घरी बनवलेल्या ट्रॉलीवर क्षमतेचा शिक्का नसतो, त्यामुळे ती तिथे बसतच नाही. पाहुण्यांच्या मुलांसाठी काहीतरी हवंच असेल तर खेळाच्या मैदानासाठी बनवलेला तयार केबलवे संच मिळतो. त्याला ईएन ११७६ या युरोपीय मानकाचा चौथा भाग लागू होतो. विक्रेत्याकडे त्याचं प्रमाणपत्र मागा, आणि बसवणाऱ्याकडून देखभालीची वहीही लिहून घ्या.